पाटीवरचं वय

११ सप्टेंबर २००३, गुरुवार. बीड

आज पुण्याहून मशीन आलं. शाळेतल्या पाटीएवढं, काळं, थर्माकोलच्या खोक्यात बसवलेलं. कीबोर्ड नाही. काचेवर प्लॅस्टिकचं पेन टेकवलं की काम होतं. रविसर स्वतः घेऊन आले. ते पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर आहेत आणि आमच्या आरोग्य पाहणीचं सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलं आहे. या मशीनला ते टॅब्लेट म्हणतात.

प्रश्न साधा आहे. पाहणीचं जे काम आपण लॅपटॉपवर करतो ते सगळं या टॅब्लेटवर होईल का? झालं तर पुढच्या वर्षी बाकीच्या जिल्ह्यांत लॅपटॉप घ्यायचेच नाहीत. चाचणीसाठी बीड निवडलं, आणि बीडमध्ये मला. संस्थेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला मी एकटाच आहे.

रोज एक फॉर्म भरून पाठवायचा आहे: बॅटरी किती चालली, कुठे अडकलं वगैरे. त्यात शेवटी दोन ओळींची जागा दिली आहे. मला दोन ओळी पुरत नाहीत, म्हणून ही वही काढली.

निघताना रविसर म्हणाले, "केदारनाथ, चाचणी नीट झाली तर पुण्यात तुझ्यासारखा माणूस लागेल आम्हाला. खेड्यात फिरलेला, मराठी सॉफ्टवेअर समजणारा."

घरी सांगितलं नाही. अप्पांना वाटतं, पोरगं शेवटी पेठेतल्या दुकानातच येऊन बसणार.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही मशीनं टेबलावर शेजारी ठेवून पाहिली.

लॅपटॉप पिशवीसकट पाच किलो, बॅटरी सव्वा तास. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा सहा तास जाते. टॅब्लेट एक किलो, बॅटरी चार तास. इथे टॅब्लेट सरळ जिंकला. मराठी लिहिण्यात मात्र हरला. लॅपटॉपवर मी न बघता टाइप करतो, टॅब्लेटवर एकेक अक्षर पेनने शोधावं लागतं. 'सूर्यवंशी' लिहायला सव्वा मिनिट लागलं, आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. म्हणून रविसरांनी लिहायचं काम जवळजवळ ठेवलंच नाही. उत्तरं यादीतून निवडायची. लॅपटॉपवर प्रत्येक प्रश्नाखाली शेऱ्याची जागा असते, ती टॅब्लेटवर काढून टाकली आहे. मला पटलं. शेऱ्यात लोक वाट्टेल ते लिहितात.

राजश्रीताईंना पटलं नाही. पाहणीसाठी घरोघरी बायकांशी बोलायचं काम त्यांचं. आधी बारा वर्षं औरंगाबादला नर्स होत्या. म्हणाल्या, "एखादी बाई तुमच्या यादीत बसलीच नाही तर?"

मी म्हणालो, "'इतर' म्हणून आहे ना."

१५ सप्टेंबर, सोमवार. शिरूर कासार

पहिला दिवस. एसटीने शिरूर, तिथून काळ्यापिवळ्या जीपने जांभळवाडी. शंभरावर घरं आहेत, पण दिवाळीनंतर वीसच उघडी राहतात. बाकीचे ऊसतोडीला जातात.

राजश्रीताई घरात जाऊन विचारतात आणि तिथेच टॅब्लेटवर भरतात. बायकांचे प्रश्न असल्यामुळे मी आत जात नाही, शाळेच्या ओट्यावर बसतो. बायका मशीनला 'पाटी' म्हणायला लागल्या. "पाटीवाली बाई आली," असा निरोप आमच्या आधी पुढच्या घरी पोचतो.

चौथ्या घरातून राजश्रीताई मशीन घेऊन बाहेर आल्या. "हे पुढे जाऊ देत नाही."

प्रश्न अठरा: पाळी बंद असल्यास कारण. त्यांनी 'शस्त्रक्रिया, गर्भाशय काढले' निवडलं होतं. बाईचं वय सव्वीस. काचेवर लाल पट्टी: 'नोंद अवैध. वय तपासा.' आणि फॉर्म तिथेच थांबलेला. लॅपटॉप अशा वेळी 'खात्री आहे का?' एवढं विचारतो, 'हो' दाबलं की पुढे जातो, वर शेरा लिहिता येतो. इथे 'हो' नाहीच. मी वेगवेगळी वयं घालून पाहिली. एकोणचाळीस घेत नाही, चाळीस घेत नाही, एक्केचाळीस घेतं.

"तात्पुरतं एक्केचाळीस भरा," मी सांगितलं. "ऑफिसात लॅपटॉपवर नीट करू."

दिवसभरात चौदा फॉर्म. लॅपटॉपवर नऊच्या पुढे कधी गेलो नव्हतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टॅब्लेटवरून उतरवलेली नोंद लॅपटॉपवर बदलता येत नाही. कुलूपबंद आहे. हे रविसरांना सांगायला हवं. पण एकच नोंद आहे. सगळ्या मिळून अडीचशे होतील, त्यात एकीने काय फरक पडतो?

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल तीन, आज चार. तोच प्रश्न, तीच लाल पट्टी. राजश्रीताई दारात येतात, मी ओट्यावरूनच हाताने खूण करतो, त्या एक्केचाळीस भरतात.

मला वाटतं गडबड वयाची आहे. या बायकांना स्वतःचं वय ठाऊक नसतं, अंदाजाने सांगतात. मी तसं बोललो, तर राजश्रीताई उभ्याच राहिल्या.

"वय मी अंदाजाने घेत नाही, केदारनाथ. भूकंपाच्या साली लग्न झालं होतं का, पहिलं लेकरू कधी झालं, भावंडात कितवी, हे सगळं विचारून घेते. आजची ती शेवटच्या घरातली, तिचं लग्न भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी. आता करा हिशेब."

मी केला नाही. उशीर झाला होता, जीप निघत होती. जीपमध्ये त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणून भरते. पण हे कुठंतरी लिहून ठेवा."

लिहून ठेवतो: एक्केचाळीस भरायला मी सांगितलं. राजश्रीताईंचा यात दोष नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. बीड

अक्का आली होती गेवराईहून. जगदेवी तिचं नाव, मी लहानपणापासून अक्काच म्हणतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, एकोणतीस पूर्ण. तिकडे कापडाचं दुकान आहे, दोन मुलं आहेत, सगळं बरं आहे. पण हल्ली लवकर चिडते. सगळ्यांना बरं वाटत असताना तिला एकटीला उकडतं, पदराने तोंड पुसत बसते. पिठाचा डबा खाली काढायला मला हाक मारली. पूर्वी हीच अक्का पाण्याच्या दोन घागरी घेऊन जिना चढायची. मी म्हणालो, "अक्का, म्हातारी झालीस." ती डबा घेऊन आत गेली.

तिला टॅब्लेट दाखवला. म्हटलं, तुझाच फॉर्म भरून दाखवतो, किती पटपट होतं बघ. तिला मजा वाटली. नाव, वय, शिक्षण, मुलं, सगळं तीच पेनाने टेकवत होती. सतराव्या प्रश्नापर्यंत चार मिनिटं लागली. अठरावा वाचला आणि पेन माझ्या हातात दिलं. "बास आता. पोहे करते." मी 'लागू नाही' टेकवून फॉर्म पुरा केला.

सव्वापाच मिनिटं. लॅपटॉपवर नऊ लागतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

रविसर आले होते. आकडे बघून खूश झाले. म्हणाले, "तुमच्याकडचा डेटा सगळ्यात स्वच्छ आहे. एकही फॉर्म अर्धवट नाही."

मी अठराव्या प्रश्नाचं काढलं. पूर्ण नाही काढलं. एवढंच विचारलं, की चाळीसची अट कशासाठी आहे?

"पाहणीच्या समितीतल्या डॉक्टरांनी दिलेली अट आहे. त्याखालच्या वयात ही शस्त्रक्रिया इतकी दुर्मीळ असते, की तशी नोंद आली तर ती भरणाऱ्याची चूक समजायची. का रे, काही अडचण?"

"नाही," मी म्हणालो.

ते पुढे म्हणाले की अहवाल चांगला आला तर जानेवारीपासून पुण्याला ये. कोथरूडमध्ये त्यांच्या ऑफिसजवळ दोघा-तिघांत मिळून खोली घेता येते म्हणे. मी ते ऐकत बसलो.

२९ सप्टेंबर, सोमवार. शिरूर कासार

आज जे झालं ते नीट लिहितो.

दोन्ही वाड्यांचं काम संपत आलं होतं, आजचा शेवटचा दिवस जांभळवाडीत होता. मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. राजश्रीताई पाणी प्यायला एका घरी थांबल्या आणि टॅब्लेट माझ्याकडे दिला. तेवढ्यात एक बाई आली. सरूबाई. डोक्यावर सरपणाचा भारा होता, तो उतरवून शेजारी ठेवला.

"पाटीत माझं काय लिवलंय, बघू."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. दाखवायला हरकत नाही असं मला वाटलं, कारण फॉर्म तिचाच होता. तिने बोट लावून वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली निघाली. नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, लेकरं दोन. मग बोट थांबलं.

"एक्केचाळीस?"

मी म्हणालो, "ते मशीनचं आहे. मशीन कमी वय घेत नाही."

"माझी माय चाळीसची न्हाई अजून," ती म्हणाली. "मी चोवीस. तेविसाव्या वर्षी पिशवी काढली. गेल्या साली, दसऱ्याच्या आदी. डॉक्टर म्हणला सडलीय, ठिवली तर कॅन्सर व्हईल. मुकादम म्हणला काढून टाक, पाळीत खाडा नगं. काढली. आता कोयता उचलला की कंबर धरती, मोळी डोस्क्यावर घेतली की डोळ्यांम्होरं अंधारी येती. हे समदं त्या बाईला सांगितलं म्या. तिनं इचारलं म्हणून सांगितलं. घरात बी कुणाला सांगितलं न्हवतं इतकं."

मी टॅब्लेट मांडीवर उलटा ठेवला.

"खरं लिवायचंच न्हाई तर इचारता कावून?"

भारा स्वतःच उचलून डोक्यावर घेतला. मी हात लावायला उठलो, तोवर ती निघाली होती.

जीपमध्ये राजश्रीताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही भरलंच की. बोट माझंच होतं."

३० सप्टेंबर, मंगळवार. बीड

ऑफिसात सगळ्या नोंदी लॅपटॉपवर उघडल्या. दोनशे सेहेचाळीस बायका. त्यातल्या 'गर्भाशय काढले' एवढ्याच वेगळ्या काढल्या. अडतीस ओळी आल्या. वयाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ४१, ४१, ४१.

एवढ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. रोज तीन, चार, पाच असं वाटत होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

शिवांजली मॅडमना सांगितलं. त्या संस्थेच्या प्रमुख, स्वतः डॉक्टर. कागद समोर ठेवला आणि सरळ बोललो की हे मी करायला लावलं. त्यांनी अडतीस ओळी दोनदा वाचल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यातल्या खऱ्या किती वयाच्या, काही आठवतं?"

"एक सव्वीस. एक चोवीस. एकीचं भूकंपानंतर लग्न झालेलं, म्हणजे तेवीस असावी."

"बाकी पस्तीस?"

"नाही आठवत."

"मग विचारून या. अडतीसच्या अडतीस. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात, हे लक्षात ठेवा."

दुपारी रविसरांना फोन केला. ते समजुतीने बोलायला लागले. म्हणाले, वाडीत परत जाण्याची काही गरज नाही, या अडतीस नोंदी 'अपूर्ण' म्हणून वगळून टाकू, दोनशे आठ उरतात, चाचणीला तेवढ्या भरपूर आहेत. "नाहीतर पूर्ण चाचणी बाद होईल, केदारनाथ. मशीनमध्ये दोष नाही, अटीत आहे. अट बदलता येईल पुढे. तू आत्ता तुझं बघ."

बोलण्यात खोट नव्हती. ते माझ्या भल्याचंच सांगत होते, आणि मला मोह झाला हेही लिहून ठेवतो. एक कळ दाबायची, अडतीस ओळी गेल्या असत्या. उद्या सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. गेवराई

परवापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, म्हणून सकाळच्या गाडीने अक्काकडे गेलो. भावजी दुकानात होते, मुलं शाळेत. ती तूरडाळ निवडत बसली होती.

मी विचारलं, "अक्का, दोन वर्षांपूर्वी तुझं ऑपरेशन झालं, ते कशाचं होतं?"

"पोटाचं."

"पोटात कशाचं?"

तिचा हात सुपातच राहिला. "पाटी आणलीस का बरोबर?"

"नाही."

"मग बस."

पांढरं जायचं, कंबर दुखायची. सासूबाई दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मशीनवर बघितलं, म्हणाले पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो, दोन लेकरं झालीच आहेत, आता तिचं काम काय? तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. सत्तावीस वर्षांची होती.

"दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखवलं नाही?"

"मला कोण नेणार दुसरीकडे?" ती म्हणाली. "आणि तू यायचास की रोज डबा घेऊन. आठ दिवस आलास. खाटेशेजारी बसून पेपर वाचायचास. तू तरी कुठं विचारलंस?"

हे खरं आहे. आठ दिवस डबा नेला. पेपर वाचला.

"अंगातून वाफा निघतात," ती सांगत होती. "हाडं ठणकतात. शेजारच्या केशरबाईंना पन्नाशीत जे होतं ते मला आत्ता होतं, केदार. मला वाटायचं माझं एकटीचंच काहीतरी वेगळं आहे."

"एकटीचं नाही," मी म्हणालो. अडतीस जणींचं सांगितलं. तिने सूप बाजूला सारलं.

"आमच्यासारख्या दुकानदाराच्या घरात हे होतं, तर त्या बायांचं काय?" एवढंच बोलली. मग चहा केला, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

स्टँडवरच्या एसटीडीवरून रविसरांना फोन केला. नोंदी वगळू नका, मी वाडीत चाललोय असं सांगितलं. ते म्हणाले, "विचार केलायस ना?" मी हो म्हणालो.

६ ऑक्टोबर, सोमवार. शिरूर कासार

काल दसरा झाला. आज दोघं पुन्हा जांभळवाडीत. लॅपटॉप घेऊन गेलो होतो, कारण त्यात खरं वय भरता येतं आणि शेरा लिहिता येतो. सहा बायका झाल्या आणि बॅटरी संपली. लाइट नव्हती. मग शाळेच्या गुरुजींकडून फुलस्केप कागद घेतले आणि रेघा मारून तक्ता केला. राजश्रीताईंनी कागदावर आणखी चार घरं केली.

या वेळी मी ओट्यावर बसलो नाही. प्रत्येक दारात उभा राहून सांगितलं, की मागच्या वेळी तुमचं वय आम्ही चुकीचं लिहिलं, ते माझ्या सांगण्यावरून, म्हणून परत आलो. काहींनी दार लोटून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, एकदा सांगितलं ते पुरे, सुनेला सारखं सारखं कशाला छळता? बरोबरच होतं तिचं. एक बाई खरोखरच एक्केचाळीस वर्षांची निघाली. तिला आमचा गोंधळ कळला तेव्हा ती इतकी हसली की राजश्रीताईही हसल्या.

सरूबाईने मात्र आत बोलावलं. चोवीस लिहिल्यावर कागद हातात घेऊन बघितला, मग परत दिला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गाड्या निघायला लागल्या. दुसऱ्या वाडीत पोचलो तर दोन ट्रक उभे होते. त्यांत भांडी, पत्रे, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी, त्यावर माणसं. यादीतल्या चौघी त्यांत होत्या. मुकादम बन्सी म्हणून आहे, तो आडवा आला.

"आता कशाचं इचारता? गाडी निगाली."

राजश्रीताई म्हणाल्या, "पाच मिनिटं."

"पाच न्हाई आन दोन न्हाई. बायांचं खासगी असतंय ते. तुमाला लाज वाटंना का?"

वरून एक बाई बोलली. मनकर्णा, यादीत नवव्या क्रमांकावर. "आमचं खासगी व्हतं तवा दवाखान्यात तूच घिऊन गेलतास की, बन्सी." बन्सी ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि विडी पेटवली.

राजश्रीताईंना मी फाळक्यावरून वर चढवलं. एकेकीपाशी बसून, कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं. मनकर्णा सत्तावीस. दुसरी एकतीस. तिसरी पंचवीस. चौथीने मान फिरवली. तिच्यापुढे 'सांगितले नाही' असं लिहिलं. एक्केचाळीस खोडलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. बीड

अहवाल लिहिला. रविसरांनी दिलेल्या नमुन्याप्रमाणे दोन पानं.

वजन, बॅटरी, वेग: टॅब्लेट सरस. मराठी टायपिंग: लॅपटॉप सरस. शेवटचा प्रश्न, 'टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकेल काय?' पुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. मी 'नाही'वर खूण केली आणि कारण लिहिलं: 'लॅपटॉप न पटणारं उत्तर विचारून घेतो, टॅब्लेट न पटणारं उत्तर घेतच नाही. जिथे समितीला माहीत नसलेलं काही समोर येतं तिथे हे मशीन ते बाहेरच ठेवतं. अट काढून शेऱ्याची जागा परत दिली तर पुन्हा चाचणी घ्यावी.' खाली, ४१ वय भरण्याची सूचना माझी होती, हेही लिहिलं. मॅडमनी वाचून सही केली. अडतीसपैकी ज्या तीस जणींपर्यंत पोचलो त्यांचा तक्ता त्या स्वतः मुंबईला पाठवणार आहेत, आरोग्य खात्याला. तिशीच्या आतल्या बावीस आहेत. आठ जणी आम्ही पोचायच्या आधीच गेल्या.

अप्पांना आज सगळं सांगितलं. पुण्याचं पण. ते म्हणाले, "गेलं तर गेलं." अक्काचं सांगितलं तेव्हा उठून आत गेले.

२० ऑक्टोबर, सोमवार

रविसरांचं पत्र आलं. चाचणी बाद. चाळीसची अट काढायला समितीकडे लिहिलंय म्हणतात. पुण्याच्या कामाचा पत्रात उल्लेख नाही. शेवटी हाताने एक ओळ लिहिली आहे: 'मी तेव्हा विचारलं होतं, अडचण आहे का. सांगायला हवं होतंस.'

सांगायला हवं होतं.

राहिलेल्या आठपैकी पाच जणी नगर जिल्ह्यात एका कारखान्याच्या ऊसतोडीवर आहेत, असं राजश्रीताईंनी शोधून काढलंय. मॅडम म्हणाल्या, दिवाळी झाली की जाऊन या.

२ नोव्हेंबर, रविवार

राजश्रीताईंबरोबर पहाटेची गाडी पकडून दुपारी फडावर पोचलो. अर्धा ऊस उभा, अर्धा पडलेला. बरोबर फक्त कागद आणि पॅड. पाचांपैकी चौघी पाल्याच्या कोप्यांजवळच, म्हणजे त्यांच्या झोपड्यांजवळ, भेटल्या. शेवटची छबुबाई तोडणीवर होती. मोळ्या बांधता बांधताच बोलली. तीस पूर्ण. ऑपरेशन सव्विसाव्या वर्षी. मी लिहून घेतलं. आम्ही निघणार, तेवढ्यात तिने राजश्रीताईंचा हात धरला.

"बाई, तुमी नर्स व्हत्या म्हणता. माझ्या धाकल्या जावंला बी काढाय सांगितलंय. बेस्तरवारची तारीख दिलीय. जावं का न्हाई तिनं?"

जाऊ पलीकडच्या सरीत होती. वर्षाराणी. कमरेच्या पिशवीतून तिने घडी घातलेली चिठ्ठी काढली. राजश्रीताईंनी ती उलटसुलट वाचली. मग तिला बांधावर घेऊन गेल्या. मी इकडे उभा राहिलो. पंधरा मिनिटं बोलत होत्या. येताना राजश्रीताईंचा आवाज ऐकू आला: "यात कुठंच काढायलाच पाहिजे असं काही लिहिलेलं नाही, बाळ. आधी औषधानं बरं होतं का बघायचं. आमच्या मॅडम तपासतील, सरकारी दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाते. काढलेली परत बसवता येत नाही."

वर्षाराणीने चिठ्ठी घडी घालून परत पिशवीत ठेवली. नवरा, पप्पू, मोळी उचलता उचलता थांबला होता.

"मी बेस्तरवारी न्हाई जात," ती म्हणाली.

"मुकादमाला काय सांगू?"

"सांग, ती न्हाई म्हणली."

तो मग मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे गेला. तिने कोयता उचलला.

ती आमच्या यादीत नव्हती. तरी पॅडवर एक कोरा कागद होता, तो वर घेतला आणि विचारून भरला. नाव वर्षाराणी. वय बावीस. मुलं एक. गर्भाशय: आहे.